दीडशे बायांची सभा, अकरा सह्या: यवतमाळ जिल्ह्यातील एका गावातील एचपीव्ही लसीकरणाचे प्रकरण

गाव, संस्था आणि माणसे यांची ओळख पुसली आहे आणि आकडे ठोकळ ठेवले आहेत. घटनाक्रम ऑगस्ट २०२४ ते जुलै २०२५ या काळातला आहे.

पार्श्वभूमी

तीनेक हजार वस्तीचे, कापूस-तुरीचे गाव. जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत, त्यापुढे दहावीपर्यंत एक अनुदानित विद्यालय. विद्यालयात आजूबाजूच्या दोन बंजारा तांड्यांतल्या आणि एका पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, मुलीही येतात. सहा किलोमीटरवर आदिवासी आश्रमशाळा आहे. गावात उपकेंद्र, तर प्राथमिक आरोग्य केंद्र बारा किलोमीटरवर.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका धर्मादाय संस्थेकडे एचपीव्ही लसीसाठी देणगी आली होती. एचपीव्ही म्हणजे मानवी पॅपिलोमा विषाणू, गर्भाशयमुखाचा कर्करोग याच्यामुळे होतो. पुरवठादाराच्या भावात शंभर मात्रा बसत होत्या. लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक. तिला २०२२ मध्ये औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली. विषाणूच्या ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर ती काम करते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगातले सुमारे सत्तर टक्के रुग्ण १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात. ही लस तेव्हा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नव्हती. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याचा उल्लेख झाला होता, पण उपकेंद्रात लस आलेली नव्हती. बाजारात विकत घ्यायची तर एका मात्रेला कापूस वेचणाऱ्या बाईची आठवडाभराची मजुरी जात होती. त्यामुळे देणगीशिवाय या गावात ती कोणी घेईल, हा प्रश्नच नव्हता.

अडचण

ऑगस्टमध्ये ग्रामपंचायतीच्या सभागृहात जनजागृती सभा झाली. बचत गटांमार्फत निरोप गेले आणि दीडशेच्या आसपास बाया आल्या. तालुक्याच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी पडद्यावर माहिती दाखवली. अहवालात फोटो लागले, हजेरीपट जोडला गेला. सप्टेंबरात गावातल्या दोन्ही शाळांतल्या ९ ते १४ वयाच्या नव्वदेक मुलींच्या हाती संमतिपत्रे दिली. पंधरवड्यात सही होऊन परत आली अकरा.

संस्थेचा पहिला निष्कर्ष असा होता की जागृती कमी पडली, आणखी एक सभा घ्यावी. समन्वयक ताईंनी तो मान्य केला नाही. दोन आशाताईंना बरोबर घेऊन त्यांनी कागद परत न आलेली घरे गाठली. दारोदार जे कळले ते सभेच्या अहवालात कुठेच नव्हते.

सभेला आलेल्या बाया बचत गटाच्या होत्या, म्हणजे बहुतेक पस्तिशी-चाळिशीच्या पुढच्या. ९ ते १४ वयाची मुलगी घरात असलेल्या त्यांत जेमतेम तिसरा हिस्सा. पात्र मुलींच्या बऱ्याच आया त्या दिवशी सोयाबीनच्या निंदणाला गेल्या होत्या. हजेरी मोजली गेली, पण कोणाची हजेरी हवी होती हे आधी ठरलेच नव्हते.

दुसरे कारण कागदाचे. दोन पानी संमतिपत्र शाळेतून मुलीच्या दप्तरात घरी गेले आणि बहुतेक घरांत ते आधी बापाने किंवा भावाने वाचले. पहिल्याच ओळीत ‘लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या मानवी पॅपिलोमा विषाणूपासून’ असे होते. बारा वर्षांच्या मुलीच्या दप्तरातून हे वाक्य घरात येते, तेव्हा पुढचे कोणी वाचत नाही. एका घरात उत्तर मिळाले, ‘आमच्या पोरीले तसलं काही नाई, तिले लस कायले?’ शेवटच्या ओळीत होते, ‘लसीकरणानंतर कोणतीही अनुचित घटना घडल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.’ हे वाक्य कुठल्या तरी सहलीच्या संमतिपत्रावरून उतरवलेले असावे. लस सुरक्षित आहे असे सभेत सांगायचे आणि कागदावर हात वर करायचे, यातली विसंगती गावाने बरोबर हेरली.

तिसरे कारण आशाताईंचे स्वतःचे. त्यांना सभेसाठी बाया जमवायला सांगितले होते, लसीची माहिती मात्र वेगळी दिली नव्हती. लस सरकारी कार्डावर नाही, मग ती खरी आहे का, फुकट का देतात, प्रयोग तर नाही, असे प्रश्न दारात त्यांनाच येत होते. काही झाले तर संस्था जिल्ह्याला परत जाईल आणि गावात राहणार त्या. त्यांनी गप्प राहणे पसंत केले, आणि त्यात नवल काही नव्हते. नोव्हेंबर २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेतल्या अफवा आणि कोरोनाच्या लसीवरची वादावादी त्यांनी अंगावर घेतली होती.

चौथे कारण सगळ्यात साधे. सभेत चाळिशीच्या एका बाईने विचारले होते, ‘मंग आम्हाले काहून नाई देत?’ तिला ‘तुमचं वय झालं’ एवढेच उत्तर मिळाले. पडद्यावर शेवटच्या टप्प्यातल्या रोगाचे फोटो पाहून घाबरलेल्या बायांना त्यांच्या स्वतःच्या शरीरासाठी काहीच सांगितले गेले नाही. अंगावरून पांढरे जाणे, पाळी सोडून मधेच रक्त जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे या तक्रारी त्यातल्या कित्येकींना होत्या. त्या भीती घेऊन घरी गेल्या आणि मुलीच्या लसीबद्दल बोलेनाशा झाल्या.

समोर असलेले पर्याय

ऑक्टोबरच्या सुरुवातीला समन्वयक ताई, स्त्रीरोगतज्ज्ञ बाई, उपकेंद्राच्या सिस्टर आणि मुख्याध्यापक बसले.

*थांबावे का?* सरकारी कार्यक्रम येईल तेव्हा येईल, घाई कशाला, असे मुख्याध्यापकांचे म्हणणे होते. ते वावगे नव्हते. पण आठवी-नववीतल्या मुली तोवर पंधरा पुऱ्या करतील आणि ९ ते १४ च्या गटातून बाहेर पडतील. यातूनच नंतर अग्रक्रमाचा निर्णय निघाला: आधी तेरा-चौदा वर्षांच्या मुली, मग मात्रा उरल्या तर लहान. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला सरकारी लस मिळण्याइतका वेळ हाताशी होता.

*एक मात्रा की दोन?* यावर सर्वांत जास्त वेळ गेला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ च्या भूमिकापत्रात ९ ते २० वयाला एक किंवा दोन मात्रांची मुभा दिली होती. तिच्या मागे भारतातलाही पुरावा होता. २००९ मध्ये दोन आणि तीन मात्रांची तुलना करणारी एक मोठी चाचणी देशात सुरू झाली, बार्शीचे केंद्रही तिच्यात होते. एप्रिल २०१० मध्ये सरकारी आदेशाने लस देणे थांबले आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. पुढे दहा वर्षे त्यांचा पाठपुरावा झाला. १६ आणि १८ प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गाविरुद्ध एका मात्रेचे संरक्षण ९५ टक्क्यांच्या आसपास निघाले आणि २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. या हिशेबाने शंभर मात्रांत दोन्ही शाळांतल्या सगळ्या पात्र मुली बसत होत्या.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तरीही दोन मात्रांचा आग्रह धरला. त्या चाचणीतली लस गार्डासिल होती. सर्व्हाव्हॅकच्या परवानगीत ९ ते १४ वयाला सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा, आणि १५ ते २६ ला ०, २ आणि ६ महिन्यांना मिळून तीन मात्रा लिहिल्या आहेत. सरकारी आधार नसलेल्या कार्यक्रमात खोक्यावरच्या सूचनेपेक्षा वेगळे काही करणे त्यांना मान्य नव्हते. निर्णय झाला: पन्नास मुली, दोन मात्रा. संख्या निम्म्यावर आली हे खरे. पण ज्या गावात ‘प्रयोग तर नाही ना’ हाच पहिला प्रश्न आहे, तिथे हा निर्णय बरोबरच म्हणावा लागेल.

*आश्रमशाळेच्या सह्या.* आश्रमशाळेतल्या डझनभर मुली तेरा-चौदाच्या होत्या. ‘मी पालकांच्या वतीने सगळ्यांची सही करतो, एका दिवसात काम होईल,’ असे अधीक्षकांनी कळवले. हेतू चांगला होता, तरी नकार दिला. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम (आता तेलंगणात) आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत एचपीव्हीचीच, पण दुसऱ्या कंपन्यांची लस देण्याचा एक प्रकल्प झाला होता. सात मुलींच्या मृत्यूनंतर तो थांबवला गेला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण वसतिगृहांच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी पालकांऐवजी सह्या केल्याचे उघड झाले, आणि २०१३ च्या संसदीय समितीच्या अहवालाने त्यावर कडक ताशेरे ओढले. देशात ही लस त्यानंतर कित्येक वर्षे मागे पडली, त्यात या सह्यांचा वाटा मोठा आहे.

*पैसे आयांच्या तपासणीवर लावावेत का?* हा मुद्दा सिस्टरने काढला. लस आधी झालेला संसर्ग बरा करत नाही. आज चाळिशीत असलेल्या बाईला वाचवायचे तर तपासणीच हवी. पण त्यासाठी देणगीची गरज नव्हती. तीस ते पासष्ट वयाच्या बायांची व्हीआयए तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणे, आरोग्य केंद्राच्या कामातच आहे. ती नीट होत नव्हती, एवढेच.

काय केले

संमतिपत्र एका पानावर आणले आणि ते मुलीच्या हाती न देता आईच्या हाती द्यायचे ठरले. जबाबदारी झटकणारी ओळ काढली. तिच्या जागी लसीचा दिवस, लस देणाऱ्या डॉक्टरांचे नाव, त्या रात्री फोन उचलणाऱ्या दोघांचे क्रमांक आणि ‘त्रास झाल्यास गाडी व उपचाराचा खर्च संस्था करेल’ असे लिहिले. सहीऐवजी अंगठा असेल तर साक्षीदार, आणि मुलीच्या होकारासाठी वेगळी ओळ.

विषाणू कसा पसरतो हे लिहायचे की नाही, यावर वाद झाला. आशाताई म्हणाल्या, वगळा. डॉक्टर बाई म्हणाल्या, वगळले तर ती संमतीच नव्हे. शेवटी तो मजकूर राहिला, फक्त पहिल्या ओळीतून मध्यावर गेला. तोंडी सांगण्याचा क्रम असा ठरला: गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एका विषाणूने होतो, हा विषाणू फार सर्रास आहे आणि बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, काहींच्यात ठाण मांडतो आणि पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर होतो, तो शारीरिक संबंधातून लागतो, लग्न झालेल्या कोणत्याही बाईला नवऱ्याकडून लागू शकतो, लागण्याआधी लस घेतली तरच पुरता उपयोग, म्हणून ती या वयात. शेवटी आयांच्या ओळखीचा दाखला: धनुर्वाताची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी देतात, ती जखम झाली म्हणून नाही.

सभा बंद केली. त्याऐवजी पात्र मुलींची जन्मतारखेप्रमाणे यादी करून आठ-दहा आयांच्या बैठका घेतल्या, त्याही संध्याकाळी स्वयंपाकानंतर. तांड्यावर गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारी आशाताई होती. बैठकीला आजीला मुद्दाम बोलावले, कारण ‘पुढं लेकरू होईन का हिले?’ हा प्रश्न आजीचा असतो आणि तो अडला की आई सही करत नाही. उत्तर सरळ दिले: या लसीने वंध्यत्व येत नाही, जगभर कोट्यवधी मुलींनी ती घेतली आहे. पाळी सुरू असताना चालते का, रक्त कमी असेल तर, सिकलसेल असेल तर, हेही विचारले गेले. तिन्हींत चालते. ताप किंवा सिकलसेलचा झटका असेल तर बरे वाटेपर्यंत थांबायचे.

आश्रमशाळेतल्या पालकांच्या सह्या दिवाळीच्या सुटीत मुलींना न्यायला आले तेव्हा घेतल्या. समन्वयक ताई सकाळपासून फाटकाशी बसून होत्या.

आणि आयांसाठी काहीतरी हातात ठेवले. आरोग्य केंद्रात व्हीआयए शिकलेली सिस्टर होती, पण ॲसिटिक ॲसिड संपले होते आणि तपासणीच्या टेबलाला पडदा नव्हता. ५ मिलि ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड ९५ मिलि डिस्टिल्ड पाण्यात घातले की पाच टक्क्यांचे द्रावण होते. ते रोज ताजे करावे लागते. द्रावण लावून पुरे एक मिनिट थांबायचे आणि मग पांढरा चट्टा दिसतो का ते पाहायचे. घाईत हे मिनिट गेले तर तपासणी फुकट. महिन्यातले दोन दिवस ठरले. दोन्ही बाजाराचे होते, कारण त्या दिवशी वेचणीला सुटी असते. हे दिवस गावात जाहीर झाले.

लसीचा दिवस

नोव्हेंबरात विधानसभा निवडणूक होती. २० तारखेच्या मतदानापर्यंत शिक्षक आणि आशाताई त्यातच गुंतले. पहिली मात्रा जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात ठरली.

पन्नास मात्राच मागवल्या. दुसऱ्या मात्रेचे पैसे राखून ठेवले, पण लस सहा महिने वीजकपातीत सांभाळण्याची जोखीम घेतली नाही. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे, आणि उष्णतेइतकाच धोका गोठण्याचा आहे. तिच्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात; गोठली की ती निकामी होते आणि पुन्हा पातळ झाल्यावर डोळ्यांना नेहमी कळत नाही. म्हणून आइस पॅक फ्रीझरमधून काढून लगेच डब्यात भरायचे नाहीत. बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी खळखळते आहे याची खात्री करूनच चार पॅक व्हॅक्सिन कॅरियरमध्ये लावायचे. त्या सकाळी हे करायला पाऊण तास गेला. गाडी खोळंबल्याची तक्रार झाली, सिस्टर जागच्या हलल्या नाहीत.

शाळेत तीन खोल्या वापरल्या. पहिलीत नोंद, ताप पाहणे आणि मुलीला ‘तुला घ्यायची आहे का’ हे आईसमोर विचारणे. दुसरीत लस: ०.५ मिलि, डाव्या दंडाच्या स्नायूत, बसवून. तिसरीत सतरंजीवर वीस मिनिटे. रांग खोलीबाहेर, आतले दिसणार नाही अशी. या वयात एक मुलगी भोवळ येऊन पडली की पाहणाऱ्या चार पडतात, आणि गावात बातमी ‘पाच पोरी बेशुद्ध’ अशी जाते. शालेय पोषण आहाराची खिचडी लसीआधी वाढली, कारण उपाशी पोट हे भोवळीचे नेहमीचे कारण. तरीही दोघींना गरगरले. पाय उंच करून झोपवल्यावर पाच-दहा मिनिटांत उठल्या. तीव्र ॲलर्जीसाठीचे ॲड्रेनॅलिनचे किट टेबलावर होते, लागले नाही. एकीला अंगात ताप निघाला, तिला परत पाठवले.

कार्डावर तारीख, बॅच क्रमांक आणि दुसऱ्या मात्रेचा महिना लिहून एक प्रत आईला, एक शाळेत. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी आशाताई प्रत्येक घरी जाऊन आल्या. दंड दुखणे आणि थोडी कणकण यापलीकडे काही निघाले नाही. या फेरीने जे साधले ते कोणत्याही पत्रकाने साधले नसते.

निष्पत्ती

पन्नासपैकी सत्तेचाळीस मुलींनी पहिली मात्रा घेतली. सहा महिने मोजले तर दुसरी जुलैच्या सुरुवातीला येत होती आणि ते सोयीचेच होते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला, शाळा बंद, मुली मामाच्या गावी. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात. अंतर सहा महिन्यांपेक्षा वाढले तर बिघडत नाही, कमी होता कामा नये. जुलैत बेचाळीस मुलींना दुसरी मात्रा मिळाली. उरलेल्या पाचांपैकी तिघी दहावीपूर्वीच शाळा सोडून नातेवाइकांकडे गेल्या होत्या आणि दोघींच्या घरी मनाई झाली.

एप्रिलपर्यंत चाळीसेक आयांनी व्हीआयए करून घेतली. तिघींच्या तपासणीत दोष आढळला. दोघी पुढच्या तपासणीला जिल्ह्याच्या रुग्णालयात गेल्या. तिसरीकडे चिठ्ठी होती, पण जायचे कोणाकडे हे माहीत नव्हते आणि वेचणीची मजुरी बुडत होती. ती मार्चमध्ये गेली, तेही सिस्टरने आधी फोन करून वार आणि खोली क्रमांक विचारून घेतल्यावर.

मुलीला लस दिलेल्या आणि स्वतः तपासणी केलेल्या बाया बऱ्याच अंशी त्याच होत्या. यातले कोणते आधी घडले हे घरागणिक वेगळे. काही आयांनी आधी स्वतःची तपासणी केली, सिस्टरवर विश्वास बसला, आणि मग राखून ठेवलेली सही केली.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक वेळापत्रकाची. तांड्यांतली काही कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि उन्हाळ्यात परततात. जानेवारीत तांड्यावरच्या सहा पात्र मुली गावात नव्हत्याच. त्या यादीत होत्या, बैठकीला त्यांच्या आया आल्या होत्या, एकीची सहीही झाली होती. ऑगस्टचा वेळ सभेवर न घालवता पहिली मात्राच तेव्हा दिली असती, तर दुसरी पुढच्या जुलैत बसली असती. अकरा महिन्यांचे अंतर चालते.

अग्रक्रमाचा निर्णय योग्य होता, पण तो सांगितला गेला नाही. एका घरातल्या मोठ्या बहिणीला बोलावले आणि अकरा वर्षांच्या धाकटीला नाही, तेव्हा ‘हिच्यातच काय हाय?’ असा संशय उठला. दोन घरांनी याच कारणाने माघार घेतली. वयाचा नियम शाळेच्या फळ्यावर लिहून लावणे पुरेसे होते.

बाप वगळले गेले. आईला केंद्रस्थानी ठेवणे बरोबरच, पण जुलैत मनाई झालेली दोन्ही घरे अशी होती जिथे बापाला पहिल्या मात्रेनंतर कळले. चावडीवर किंवा सोसायटीच्या बैठकीत डॉक्टर बाईंनी अर्धा तास दिला असता तर हे कदाचित टळले असते. कदाचितच, त्यातल्या एकाने मोबाइलवर आलेला व्हिडिओ दाखवून बोलणेच थांबवले होते.

आशाताईंना लसीची माहिती सभेआधी, स्वतंत्रपणे आणि प्रश्न विचारायला मोकळीक ठेवून द्यायला हवी होती. त्या घरभेटींचा मोबदलाही आधी ठरला नव्हता. तो जुलैत, मागितल्यावर मिळाला.

लस घेतलेल्या मुलींनाही वयाच्या तिशीनंतर तपासणी लागेल, कारण उरलेले तीसेक टक्के रुग्ण इतर प्रकारांमुळे होतात. कार्डावर ही ओळ छापलेली नव्हती; जुलैत ती हाताने लिहिली. ऊसतोडीहून परतलेल्या सहा मुलींपैकी दोघींनी दरम्यान पंधरा ओलांडली. त्यांना खोक्यावरच्या सूचनेप्रमाणे तीन मात्रा लागणार होत्या आणि तेवढा निधी नव्हता. बाकी चौघींसाठी जुलैत चार मात्रा जास्त मागवून पहिली दिली. त्यांची दुसरी २०२६ मध्ये शाळा उघडल्यावर द्यायची ठरली, आणि तारीख आशाताईंच्या वहीत आहे.